बेअरिंग बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्शनचा दिवा जाईना

कराडचा_गाडीवान
नमस्कार मंडळी. २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किमी झालंय. पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग घूंऽऽ करत होतं, साठच्या वर गेलं की कान किटायचे, म्हणून शनिवारी इथल्याच एका गॅरेजात बदलून घेतलं. आवाज एकदम गेला. पण रविवारी सकाळी गाडी काढली तर गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ते घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र असतं ना तो ट्रॅक्शनचा दिवा आणि सोबत एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम), दोन्ही लागले. इंजिन बंद करून परत चालू केलं की जातात आणि जरा पुढं गेलं की पुन्हा हजर, रोज हेच चाललंय. गॅरेजवाला म्हणतो एबीएसचं मॉड्यूल (त्याचा कॉम्प्युटर) गेलं, पस्तीस हजार लागतील. शुक्रवारी आईला घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय आणि पाऊस काय थांबायचं नाव घेत नाही. काय करू?

सह्याद्री_ड्रायव्हर
दादा आधी सांगा, दिवा लुकलुकतो का एकसारखा पेटून राहतो? ओल्या रस्त्यावर चाक घसरताना लुकलुकला तर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकाचं घसरणं आवरणारी सिस्टीम, आपलं काम करतंय एवढाच अर्थ, ते नॉर्मल आहे. एकसारखा राहिला तर सिस्टीम बंद पडलीय, किंवा चुकून बटण दाबलं गेलंय, पण तुमचा एबीएसचापण लागतोय म्हणजे बटण नाही. आणि हँडब्रेकचा लाल दिवा लागतोय का? हँडब्रेक सोडूनही तो लागत असेल तर ब्रेक ऑइल बघा आणि घाटात अजिबात जाऊ नका. चारी टायर एकाच साइजचे आहेत ना?

कराडचा_गाडीवान
एकसारखा. लाल नाही, ऑइल बरोबर मार्कावर आहे. टायर चारी सारखे, हवापण चेक केली.

पाना_नंबर_१०
मॉड्यूलला हात लावू देऊ नका. बावीस वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो, तुमच्या पोस्टमधेच उत्तर आहे. सेन्सरची वायर तुटली असती तर बहुतेक गाड्यांत चावी फिरवल्या फिरवल्या दिवा राहिला असता, गेलाच नसता. तुमचा चावी फिरवल्यावर जातो आणि चाक फिरायला लागलं की येतो, म्हणजे कॉम्प्युटरला वायर ठीक दिसतीय पण त्या चाकाचा वेग कळत नाहीये. तीन चाकं पळताहेत आणि एक उभं आहे असं त्याला दिसतं, मग तो एबीएस आणि ट्रॅक्शन दोन्ही बंद करतो कारण दोघांचे सेन्सर एकच.

आता असं का होतं ते बघा. जुन्या गाड्यांत ॲक्सलवर दात्यांची रिंग दिसायची. आता बऱ्याच गाड्यांत ती रिंग गेली आणि बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमधेच चुंबकाची पट्टी असते, सेन्सर ती वाचतो. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे आत पाहिजे. दोन्ही बाजूंची सीलं दिसायला जवळपास सारखीच, त्यामुळं प्रेसवर (बेअरिंग दाबून बसवायच्या मशीनवर) घाईत उलटं बसतं, आणि उलटं बसलं तरी बेअरिंग म्हणून छान चालतं, आवाज नाही काही नाही, फक्त सेन्सर आंधळा होतो. दुसरी शक्यता म्हणजे बिगर चुंबकाचं स्वस्त बेअरिंग टाकलंय. तिसरी, सेन्सर काढताना खेचला गेला किंवा नीट बसला नाही, ते आधी बघा, एका बोल्टचं काम आहे.

ज्याच्याकडं एबीएस वाचणारा स्कॅनर आहे त्याच्याकडं जा. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथवालं बहुतेक वेळा फक्त इंजिनचे पी ने सुरू होणारे बिघाडाचे कोड वाचतं, तुम्हाला सी ने सुरू होणारे पाहिजेत. आणि कोडवर थांबू नका, चारी चाकांचा वेग स्क्रीनवर लावून वीसच्या स्पीडनं सरळ गाडी चालवा, दुसऱ्यानं स्क्रीन बघायची, दोषी चाक तिथंच दिसतं. मल्टिमीटरनं सेन्सरचा ओहम मोजू नका, नवे सेन्सर तसे मोजता येत नाहीत, उलट खराब होऊ शकतात.

निपाणीची_ताई
काकांचं बरोबरच आहे, पण हे वाचून दुसरं कुणी बेअरिंगच्या मागं लागू नये म्हणून माझं सांगते. माझ्या गाडीत फक्त ट्रॅक्शनचा लागायचा, एबीएसचा नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं की गाडी उभी असताना मागचे ब्रेकलाइट चालूच राहताहेत. ब्रेक पेडलवरचा स्विच गेला होता, बदलला आणि दिवा गेला. दुसऱ्या एका वेळी इंजिन मिस मारत होतं तेव्हापण इंजिनच्या दिव्याबरोबर हा लागला होता, प्लग बदलल्यावर दोन्ही गेले.

कराडचा_गाडीवान
अपडेट. सेन्सर काढून बघितला, जागेवर घट्ट होता, फक्त थोडा चिखल. मग मलकापूर रोडला एकाकडं स्कॅनर लावला, बाकी तीन चाकं २१-२२ दाखवतात आणि पुढचं उजवं शून्य! गॅरेजवाल्याला फोटो दाखवला, आधी ऐकेना, मग स्वतःच खोललं तर बेअरिंग उलटंच. प्रेसनं काढलेलं परत वापरू नका असं त्यानंच सांगितलं म्हणून नवीन आणलं, मजुरी घेतली नाही, बेअरिंगचे पैसे अर्धे अर्धे. या वेळी बसवायच्या आधी दोन्ही सीलांना टाचणी लावून बघितली, एका बाजूला हलकी चिकटते, ती बाजू आत घातली. दिवे दोन्ही गेले, चाळीस किमी फिरून आलो. काका, तुमचे उपकार. आई शेजारी बसणार म्हणून लई टेन्शन होतं.

पाना_नंबर_१०
छान झालं. चिपळूणहून आल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा भाग) दोनदा निघालाय. आणि कोड खोडून घेतला का? नसेल तर खोडा, म्हणजे पुढं काही आलं तर ते नवीन आहे हे कळेल. घाटात धुकं असतं, सकाळी उजाडल्यावरच निघा.