उत्तर: उणे ३० मध्ये डिझेल पिकअप सुरू होईना

एडमंटनहून:

नमस्कार मंडळी. गणपतीनंतर उभी असलेली पिकअप काल काढायला गेलो. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. दोनदा पांढरा धूर आला, मग तोही बंद. शेजारी म्हणतो, इथरचा, म्हणजे चटकन पेट घेणारा, स्प्रे मार. मारू का? या मेलिंग लिस्टवर कोणी डिझेलवाले आहेत?

देवगडहून:

लेक तिकडे कॅनडात, म्हणून मी या लिस्टवर. आयुष्य आंब्याचे ट्रक वाशीला नेण्यात गेलं, मधे काही काळ मनाली-लेहही केलं.

इथर अजिबात नको. हिटर प्लग (सुरू करताना इंजिन आतून तापवणारे) तापलेले असताना ते आत गेलं की अवेळी भडकतं, पिस्टनची वाट लागते. शेजाऱ्याचा काय जाता!

बॅटरी उणे १८ लाच निम्म्यावर येते. तरी तुमचा सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे ती आणि ऑइल ठीक. संशय डिझेलवर. गणपतीत भरलेलं म्हणजे उन्हाळी माल. थंडीत त्यातलं मेण सुटतं, पौषात खोबरेल थिजतं तसं, आणि आधी फिल्टर चोंदतो. आता सेल्फ मारत बसू नका, बॅटरीही जाईल. गाडी टो करून गरम गॅरेजात रात्रभर ठेवा, फिल्टर बदला, मग हिवाळी डिझेल भरा. डिझेल थिजू नये म्हणूनचं औषध (अँटी-जेल) आधी घालायचं असतं. थिजलेलं मेण त्याने विरघळत नाही.

लेहच्या वाटेवर पहाटे टाकीखाली स्टोव्ह पेटवणारे मी पाहिलेत. तुम्ही तसलं काही करू नका. तिथे २०१९ पासून इंडियन ऑइलचं उणे ३३ पर्यंत वाहणारं डिझेल मिळतं, आमच्या वेळी नव्हतं. रॉकेलही मिसळू नका, नव्या इंजिनाचा पंप खराब होतो. (इकडे मिसळायचे ते थंडीसाठी नव्हे, पैशांसाठी.)

पुढच्या वेळी ब्लॉक हिटर (इंजिन गरम करणारा विजेचा हिटर) टायमरवर लावा, निघण्याआधी तीन-चार तास. वायर पुढच्या जाळीमागे असते.

एडमंटनहून:

काका, वायर सापडली, पण प्लगच्या पिना गंजल्यात. गाडी उद्या गॅरेजात जाईल. फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या वाटेत शिरलेली एअर (हवा) काढावी लागेल का?

देवगडहून:

टाकीत पंप असेल तर सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करा, पंपाचा आवाज थांबला की बंद. असं दोन-तीनदा, म्हणजे एअर निघते. जुन्या फिल्टरच्या वाटीत पाणी आहे का तेही बघायला सांगा, तिथे त्याचा बर्फ होतो. इकडच्या दमट हवेत मेण कधी दिसलं नाही, पाणी मात्र पावसाळाभर काढायचो. आणि प्लग नवीनच बसवा, गंजलेल्या पिना वीज लावल्यावर तापतात.