स्वस्त अल्बम आणि मदतनिधी : एकाच बिलात बसवावेत का?

सुरावट (धागाकर्ता)

बँडकँपवर (कलाकार आपली गाणी थेट विकतात ती वेबसाइट) मदतनिधीसाठी काढलेले संकलन-अल्बम नीट शोधले तर पाच-सात डॉलरला तीस-चाळीस गाणी मिळतात. फाइलला कसलंही कुलूप नसतं आणि पैसे एखाद्या आपद्ग्रस्त भागापर्यंत पोचतात. गाणी विकत घेणाऱ्यांनी वर्षाच्या बजेटमधले पहिले पैसे याच अल्बमांना द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

शोध ‘बेनिफिट’, ‘फंडरेझर’, ‘कंपायलेशन’ या टॅगांनी सुरू करा. गाण्यांच्या यादीखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. संस्थेचं पूर्ण नाव हवं, नुसतं ‘चॅरिटीला’ असं लिहिलेलं चालणार नाही. ‘सगळं उत्पन्न’ जाणार की ‘नफा’, तेही बघा, कारण नफा म्हणजे खर्च वजा करून उरेल ते, आणि तो खर्च कोणता हे तिथे क्वचितच लिहितात. शिवाय मुदत किती आहे? सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकेत मतदानाच्या हक्कांसाठी निघालेला एक अल्बम फक्त 24 तास विक्रीला होता.

खरेदी शक्यतो बँडकँप फ्रायडेला करा. एरवी डिजिटल विक्रीवर कंपनी 15 टक्के घेते (वर्षभरातली विक्री 5000 डॉलरवर गेली की 10). त्या दिवशी हा वाटा सोडला जातो. मार्च 2020 पासून हे चालू आहे, पण तारखा आधी बघाव्या लागतात, कारण प्रत्येक महिन्यात तो दिवस नसतो. वेळ पॅसिफिक असल्यामुळे भारतात तो उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी 12:30 ला आणि हिवाळ्यात 1:30 ला सुरू होतो आणि शनिवारी त्याच वेळी संपतो. शुक्रवारी सकाळी सकाळी घेतलंत तर सवलत हुकली.

हिशेबनीस

सात डॉलरचा अल्बम साध्या दिवशी घ्या. 1.05 डॉलर बँडकँपचे, वर पेमेंट कंपनीचा आकार. संस्थेकडे साधारण साडेपाच डॉलर पोचतात. तुमच्या कार्डावर साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनात खर्च केल्याबद्दल बँकेचा आकार) असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी धरून आणखी 4.13 टक्के जातात, ते वेगळेच. तेवढेच रुपये इथल्या संस्थेला यूपीआयने पाठवले तर वाटेत जवळजवळ काहीच गळत नाही.

करसवलतीचंही तसंच. आयकरातली 80जीची वजावट भारतात नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. त्यासाठी तुमचा पॅन घालून संस्थेने दिलेलं 10बीई प्रमाणपत्र लागतं आणि नव्या करप्रणालीत तीही मिळत नाही. अल्बमची पावती ही खरेदीची पावती आहे. तिच्यावर वजावट मागू नका.

मंद्रसप्तक

हिशेबनीस पैशांची गळती दाखवताहेत, पण माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. या संकलनांत वादकांनी गाणी फुकट दिलेली असतात. तीस कलाकारांनी प्रत्येकी एक ट्रॅक दिला, त्याचं मिक्सिंग-मास्टरिंग स्वतःच्या खिशातून केलं आणि त्यांच्या हातात शून्य आलं. श्रोत्याला मात्र वाटतं की आपण कलाकारालाही पैसे दिले आणि दानही केलं. वर्षाचं पहिलं बजेट अशा अल्बमांवर गेलं, तर त्याच लोकांचे स्वतःचे अल्बम शेवटच्या रांगेत राहतात. हे मला अजिबात पटत नाही. कलाकाराला त्याच्या अल्बमचे पूर्ण पैसे द्या, आणि देणगी वेगळी द्या.

टेम्सकाठचा

इंग्लंडात राहणाऱ्यांना तिसरा रस्ताही आहे. ऑक्सफॅमसारख्या चॅरिटी शॉपमधून जुन्या सीडी घ्यायच्या आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार) उतरवायच्या. अ‍ॅक्युरेटरिपशी (इतरांनी उतरवलेल्या प्रतींची ऑनलाइन नोंद) जुळवणी चालू ठेवली की ओरखड्यामुळे कुठल्या ट्रॅकमध्ये चूक आली ते लगेच कळतं.

मंद्रसप्तक

@टेम्सकाठचा, त्यात संस्थेला पैसे मिळतात हे खरं. पण जुन्या सीडीच्या विक्रीतून कलाकाराला एक पेनीही जात नाही. शिवाय खाजगी वापरासाठी प्रत काढायची ब्रिटिश कायद्यातली सवलत 2014 मध्ये आली आणि 2015 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, तेही लक्षात असू द्या.

झिरोवाला

मग ‘नेम युअर प्राइस’ (किंमत ग्राहकानेच ठरवायची) अल्बमात शून्य टाका, फ्लॅक उतरवून घ्या आणि वाचलेले पैसे थेट संस्थेला पाठवा. कमिशनचा प्रश्नच मिटला.

सुरावट

@झिरोवाला, हा सल्ला कृपया कुणी ऐकू नका. कलाकाराला महिन्याला 200 मोफत डाउनलोड मिळतात. ते संपले की जादा त्याला विकत घ्यावे लागतात. तुमचा शून्य त्याच कोट्यातून जातो. आणि शून्याने घेतलेला अल्बम तुमच्या कलेक्शनमध्ये जमा होत नाही, त्यामुळे उद्या हार्डडिस्क गेली की पुन्हा उतरवायची सोय नाही. थोडेसे पैसे भरलेत तर तो कायम खात्यावर राहतो आणि कधीही वेगळ्या फॉरमॅटमध्ये उतरवता येतो.

@मंद्रसप्तक, कलाकारांना काही मिळत नाही हे मला मान्य आहे. पण प्रत्येक मदतखरेदी तशी नसते. बँडकँपने 2020 मध्ये 19 जूनचा उपक्रम सुरू केला. त्या दिवशी कलाकाराला त्याचा वाटा नेहमीसारखाच जातो आणि कंपनी स्वतःचं कमिशन एनएएसीपीच्या लीगल डिफेन्स फंडाला (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणारी संस्था) देते. तुमचा आक्षेप तिथे लागूच होत नाही. त्या-त्या वर्षीची घोषणा वाचून घ्या, म्हणजे झालं.

मंद्रसप्तक

तो एक दिवस मान्य. उरलेल्या वर्षाचं काय? गेम वगैरेंचे गठ्ठे विकणाऱ्या हंबल बंडल या साइटचं बघा. 2010 पासून त्यांचा लौकिक स्लायडरवर (पैशांची वाटणी ग्राहकाने ठरवायची सरकपट्टी) उभा होता, सगळे पैसे संस्थेला द्यायची मुभा होती. 2021 मध्ये त्यांनी त्यावर मर्यादा घातली. दानाची वाटणी दुकानदार ठरवतो, तेव्हा ती तो बदलूही शकतो.

फ्लॅकतपासनीस

वाद चालू द्या, पण स्वस्त अल्बमात नेहमी घोळ होतो तो फाइलमध्ये. संकलन करणाऱ्याला कुणीतरी एमपी3 पाठवतो, तो तीच वेव्ह (WAV) फाइल करून चढवतो आणि तुम्ही फ्लॅक म्हणून घेता. स्पेकमध्ये (आवाजाच्या कंपनसंख्यांचा आलेख दाखवणारा प्रोग्रॅम) फाइल उघडा. आलेख 16 किलोहर्ट्झला सरळ रेषेत कापलेला दिसला तर मूळ फाइल बहुधा 128 केबीपीएस. 20 च्या आसपास कापलेला असेल तर 320ची शक्यता. जुनं ध्वनिमुद्रण वरून हळूहळू विरत जातं, त्याला खोटं ठरवू नका. आकारही बघा : 45 मिनिटांचा सीडी दर्जाचा फ्लॅक साधारण 250 ते 300 एमबी, 320चा एमपी3 सुमारे 108.

पेपॅलने भरताना रुपयांतला आकडा आधीच निवडलेला असू शकतो. त्यात पेपॅलचा विनिमय दर लागतो. चलनाचा पर्याय उघडून डॉलर निवडा आणि मग आपल्या बँकेचा दर ताडून बघा. कार्ड नाकारलं गेलं तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का ते आधी तपासा.

हिशेबनीस

एक भर : एखाद्या लेबलची अख्खी डिस्कोग्राफी (सगळे अल्बम एकत्र) सवलतीत दिसली की यादी उघडून मोजा. अल्बममध्ये असलेलीच गाणी सिंगल म्हणून पुन्हा धरलेली असतात. ती वगळून दर अल्बमला किती पडतात ते काढा. पन्नास टक्क्यांची सूट कधीकधी वीसवर येते.