मदत हवी आहे: ताईच्या डाव्या पायाची सूज तीन महिने उतरत नाहीये, आता वर नस दबलीय म्हणतात, स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालावा का?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

ताई माझी थोरली बहीण, वय ३९. मामेभावाच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो, येताना रात्रीची स्लीपर बस, बारा-तेरा तास, आणि ही बया बस मध्ये कुठे थांबेल न थांबेल म्हणून पाणीच प्यायली नाही, पाय पोटाशी घेऊन तशीच झोपून राहिली. दोन दिवसांनी डावी मांडी जड, तिसऱ्या दिवशी पोटरी टम्म. डाव्या पायातलं पैंजण इतकं रुतलं की साबण लावून काढावं लागलं. जवळच्या डॉक्टरांनी सायटिका म्हणून पेनकिलर दिल्या आणि आईने मालिशवाल्या बाई बोलावल्या, त्यांनी दोन दिवस तिळाच्या तेलाने खालून वर चांगलं रगडलं. आता आठवलं तरी पोटात गोळा येतो.

सहाव्या दिवशी पाय जांभळट दिसायला लागला तेव्हा मी शिलाई मशीनमधली टेप काढून मोजलं, उजवी पोटरी ३६ सेंमी, डावी ४१. मग धावपळ, डॉपलर (नसांची सोनोग्राफी), त्यात डीव्हीटी, म्हणजे पायाच्या आतल्या खोल नसेत रक्ताची गुठळी, मांडीपासून जांघेपर्यंत. पोटात इंजेक्शनं, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या. पाळी अनियमित म्हणून हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या त्या लगेच बंद केल्या. सगळ्यांनी बस आणि गोळ्यांवर खापर फोडलं आणि विषय संपला.

पण पाय काही पूर्ववत नाही. सकाळी ठीक असतो, संध्याकाळी अजून तीन सेंमीचा फरक. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभी राहिली तरी म्हणते पायात वाळू भरलीय. परत डॉपलर केलं तर म्हणे पोटातल्या गॅसमुळे वरचं नीट दिसत नाही. शेवटी सीटी व्हेनोग्राफी (नसांचा सीटी स्कॅन) केली तेव्हा कळलं की पायाकडून येणारी डावी मोठी नस ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीखाली दबलीय, मागून मणका, पुढून धमनी, मध्ये बिचारी नस. याला मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात. म्हणजे ते जन्मापासूनच तसं होतं, बस फक्त निमित्त.

आता एक डॉक्टर म्हणतात स्टेंट घाला, दुसरे म्हणतात गोळ्या आणि स्टॉकिंग (पायाला दाब देणारा घट्ट मोजा) चालू ठेवा. कोणाच्या घरी हे झालंय का? स्टेंट नसेत टिकतो का? आई तर स्टेंट शब्द ऐकूनच हार्ट अटॅक आल्यासारखी बसलीय.

माळवीमाणूस: हळद-दूध द्या आणि हलक्या हाताने मोहरीचं तेल, आमच्या आजीची सूज तशीच गेली.

बडोदेकर_वहिनी: अहो काका, तेल अजिबात नको! गुठळी असलेल्या पायाला रगडलं तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. ताईला अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर थांबू नका, सरळ इमर्जन्सीत न्या. आणि त्या जुन्या पेनकिलर आता परस्पर देऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढतो.

जुनानर्सिंगवाला: मी बरीच वर्षं वॉर्डात काढलीत म्हणून लिहितो, पण डॉक्टर नाही. डीव्हीटी डाव्या पायात जास्त होतो त्याचं एक कारण हेच. मे आणि थर्नर या दोन डॉक्टरांनी १९५७ साली ४३० मृतदेह तपासले, त्यात २२ टक्क्यांमध्ये त्या जागी नसेच्या आत जाड पडदे सापडले, धमनीचा ठोका सतत लागून झालेले. म्हणजे नस दबलेली पुष्कळांची असते आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही नसतो, म्हणून नुसती दबलीय म्हणून कोणी स्टेंट घालत नाही. पण तुमच्या ताईला गुठळी होऊन गेलीय आणि पायही सुजतोय, ती गोष्ट वेगळी. गोळी नवी गुठळी होऊ देत नाही, जुनी शरीरच हळूहळू विरघळवतं, आणि दाबलेली जागा तर कुठलीच गोळी उघडत नाही. आईंना सांगा, हृदयातला स्टेंट साधारण ३ मिमीचा, हा १४-१६ मिमीचा, मांडीतून किंवा गुडघ्यामागून तारेने नेतात, पोट फाडत नाहीत.

मी (धागाकर्ती): बाप रे, हे असं कोणी समजावलंच नव्हतं. पण मग गुठळी विरघळवायचं औषध आत सोडतात ते का नाही केलं?

जुनानर्सिंगवाला: ते गुठळी ताजी असताना, साधारण पहिल्या दोन आठवड्यांत जास्त चांगलं चालतं. आता त्याची हळहळ नको. व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या सर्जनला) तीन गोष्टी विचारा: आतून सोनोग्राफी करून नस नक्की किती दबलीय ते बघणार का, जांघेतून वर रक्त नीट येतंय का (खालून येणारं रक्त कमी असेल तर स्टेंट बंद पडू शकतो), आणि स्टेंटनंतर गोळ्या किती महिने.

बडोदेकर_वहिनी: आमच्या जाऊबाईंना दोन वर्षांपूर्वी घातला. आठवडाभर कंबर दुखली, बाकी ठीक. गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही, त्या मोबाईलवर अलार्म लावतात.

मी (धागाकर्ती): तिन्ही प्रश्न आईच्या दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत लिहून घेतलेत. सोमवारी जातोय. ताईने आज पहिल्यांदा स्वतःच टेप मागून घेतली, रोज सकाळ-संध्याकाळ मोजून तारखेसकट लिहिणार म्हणते.