होमरचा 'क्लेओस' : मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : इलियडबद्दल, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याबद्दल, काहीही वाचायला घेतलं की 'क्लेओस' हा ग्रीक शब्द आडवा येतो. अर्थ 'कीर्ती' असाच दिलेला असतो. मग एवढी चर्चा कशासाठी?

प्रतिसाद १ : 'कीर्ती' चूक नाही, पण तोकडा आहे. क्लेओस म्हणजे मुळात कानावर आलेलं. आपला 'श्रु' धातू आणि हा शब्द एकाच मुळातले. संस्कृत 'श्रवस्' म्हणजेच क्लेओस. इलियडच्या नवव्या सर्गात ग्रीकांचा महायोद्धा अकिलीस म्हणतो, इथे ट्रॉयला लढत राहिलो तर घरी परतणं नाही, पण 'क्लेओस आफ्थितॉन', म्हणजे अक्षय क्लेओस, मिळेल. परत गेलो तर आयुष्य लांबेल, क्लेओस मात्र जाईल. ऋग्वेदात (1.9.7) इंद्राकडे 'श्रवः' मागितलंय, तेही 'अक्षितम्', म्हणजे अक्षय. आफ्थितॉन आणि अक्षितम् हेही सगोत्रच. ही जोडी आडालबर्ट कून या जर्मन पंडिताने 1853 मध्ये दाखवून दिली.

आता दुसरा सर्ग बघा. जहाजांची भलीमोठी यादी सांगण्याआधी कवी काव्यदेवतांना म्हणतो, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. आमच्या कानी नुसतं क्लेओस येतं, माहीत काहीच नसतं. इथे 'कीर्ती' घालून पाहा. वाक्य कोसळतं. इथे 'ऐकीव' हवं.

प्रतिसाद २ : पण कीर्ती तरी कुठे मुकी आहे? कीर्ती आणि कीर्तन एकाच धातूचे. शिवाय 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी' आपण लहानपणापासून घोकतोय. अकिलीस वेगळं काय म्हणतो?

प्रतिसाद १ : धातूचा मुद्दा मान्य. पण रामदास लगेच पुढे चंदनासारखं झिजायला सांगतात. तिथे कीर्ती सज्जनपणाच्या मागून येते. इलियडच्या सातव्या सर्गातला हेक्टर, ट्रॉयचा राजपुत्र, काय म्हणतो? मी ज्याला मारीन त्याचं थडगं हेलेस्पाँटच्या, म्हणजे ट्रॉयजवळच्या सामुद्रधुनीच्या, काठी असेल. पुढे कधी जहाजातून जाणारा कोणी म्हणेल, हा हेक्टरच्या हातून मेलेला वीर. आणि माझं क्लेओस कधी विझणार नाही. म्हणजे शत्रूच्या थडग्यावर आपलं नाव! यात झिजणं वगैरे काही नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो, थोडा अंगावर येतो हेही खरं.

ओडिसीत, म्हणजे युद्धानंतर ओडिसियसच्या घरी परतण्यावरच्या होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, मात्र सूर बदलतो. अकराव्या सर्गात मेलेला अकिलीस म्हणतो, मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या भूमिहीनाकडे राबलेलं बरं. आणि चोविसाव्यात न विझणारं क्लेओस मिळतं ते ओडिसियसच्या बायकोला, पेनेलोपीला, एकही लढाई न लढता.

प्रतिसाद ३ : मग भाषांतर करताना काय लिहायचं?

प्रतिसाद १ : एकच शब्द सगळीकडे चालणार नाही. हेक्टरसाठी 'नाव गाजणं' घ्या, त्यात आवाज आहे. ओडिसीत ओडिसियसचा मुलगा तेलेमाकस पिलॉसला जाऊन तिथल्या राजाला, नेस्टरला म्हणतो, वडिलांचं दूरवर पसरलेलं क्लेओस शोधत आलोय, कुठे कानी पडलं तर. बाप जिवंत आहे की नाही हेच त्याला कळलेलं नाही. तिथे मी 'वडिलांची खबर' लिहीन.