स्टेल्व्हिओ जिरोतून काढावा का?

मागचं चाक:

स्पष्टच लिहितो. जिरो द'इतालियाच्या (इटलीतल्या सायकल शर्यतीच्या) मार्गात मे महिन्यात स्टेल्व्हिओ घालणं बंद करावं. घाट उत्तम, इतिहास थोर, फोटोंचं तर विचारूच नका. पण २७५७ मीटरवरचा रस्ता मेअखेरीस मोकळा असेल याची हमी कोणाच्या बापाला देता येत नाही. अशा टप्प्यावर तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल टांगून ठेवणं मला पटत नाही.

ज्यांना घाट माहीत नाही त्यांच्यासाठी: इटलीच्या उत्तर टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून हा रस्ता आहे. लोम्बार्दी ऑस्ट्रियन साम्राज्याच्या ताब्यात होती तेव्हा तिथे पोचायला थेट वाट हवी म्हणून त्यांनी तो कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून १८२० ते १८२५ या काळात बांधून घेतला. प्रातो गावाकडून चढलं तर साधारण २४ किलोमीटर, सरासरी चढ सात टक्क्यांच्या वर आणि ४८ हेअरपिन वळणं. दुसऱ्या अंगाला बोर्मिओ.

जिरो इथे पहिल्यांदा आली १९५३ मध्ये. फाउस्तो कोप्पी गुलाबी जर्सीवाल्या (म्हणजे एकूण आघाडीवरच्या) ह्यूगो कोब्लेटच्या १ मिनिट ५९ सेकंद मागे होता. या चढावर तो पुढे निसटला आणि त्याने पाचवी जिरो खिशात घातली. पुढे १९६५ पासून शर्यतीतल्या सर्वात उंच माथ्याला 'चीमा कोप्पी' म्हणायला लागले. गंमत बघा, त्या पहिल्याच वर्षी स्टेल्व्हिओवर इतका बर्फ होता की माथ्याच्या अलीकडेच टप्पा संपवावा लागला!

तेव्हापासून हेच चालू आहे. १९८४ मध्ये बर्फाचं कारण देऊन घाट वगळला, आणि इटलीच्याच मोझरला जिंकवण्यासाठी वगळला असा आरोप झाला तो आजतागायत. २०१३ मध्ये शेजारचा गाव्हिया घाट आणि स्टेल्व्हिओचा अख्खा टप्पा रद्द. २०१४ मध्ये तोच टप्पा हट्टाने बर्फात घेतला आणि उतारावर काय गोंधळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. २०२४ मध्ये हिमस्खलनाच्या धोक्यामुळे आधी स्टेल्व्हिओऐवजी शेजारचा उंब्राइल आणला, मग तोही गेला. टप्पा जिथून सुटायचा त्या लिव्हिन्योत स्पर्धक पावसात ताटकळले, आयोजकांशी वाद झाला, शेवटी सगळे गाड्यांतून लासाला गेले आणि टप्पा तिथून सुरू झाला.

मार्ग जाहीर करताना ४८ वळणांचं पोस्टर लावायचं आणि मे उजाडला की आभाळाकडे बघत बसायचं. पुरे झालं.

चेनरिंग:

तुमच्या यादीत फक्त रडगाणी आहेत. या शतकात जिरो स्टेल्व्हिओवर कधी कधी चढली तेही लिहा की. २००५, २०१२, २०१४, २०१७, २०२०. यातलं एक तरी वर्ष लोक विसरलेत का?

२०१२ ला आदल्या दिवसापर्यंत मोठ्या भिडूंनी एकमेकांकडे बघत वेळ काढला होता. मोर्तिरोलो घाटानंतर थॉमस दे गेंट निसटला, स्टेल्व्हिओच्या माथ्यावर एकटा पोचला आणि शेवटी एकूण तिसरा आला. १९७५ मध्ये तर जिरोचा शेवटचा दिवसच या माथ्यावर संपला. गाल्दोसने टप्पा जिंकला, पण बेर्तोल्यो त्याच्या चाकाला चिकटून राहिला आणि ४१ सेकंदांनी जिरो जिंकला. मिलानमध्ये हात हलवत फेऱ्या मारण्यापेक्षा हे बरं की वाईट?

हमी हवी असेल तर ट्रॅकवरची शर्यत बघा. छप्पर असतं.

आकडेमोडे:

छपराचं आवडलं. :)

पण मुद्दा फक्त बर्फाचा नाही, उताराचाही आहे. प्रातो साधारण ९०० मीटरवर, माथा २७५७ वर. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश धरले तर खालून वर बारा अंशांचा फरक. म्हणजे खाली छान १५ असताना वर ३. चढताना अंगातून घामाच्या धारा. मग त्याच ओल्या जर्सीवर ताशी ६०-७० किलोमीटरने खाली यायचं, आणि या वेळी पाय काम करत नसल्याने शरीर उष्णताही फारशी तयार करत नाही. बोटं बधिर झाली की पहिला जातो तो ब्रेकवरचा अंदाज. सायकलपटू मे महिन्यातल्या चढाला घाबरत नाहीत, माथ्यानंतरच्या पहिल्या वीस मिनिटांना घाबरतात.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७२ टक्के. तिथे दमलेलं डोकं निर्णयही नीट घेत नाही. २०१४ च्या गोंधळाकडे या बाजूनेही बघा.

म्युनिककर:

मी प्रातोकडून चढलोय, सप्टेंबरमध्ये. शर्यतीच्या वेगाचा प्रश्नच नाही, माझ्यापेक्षा एक आजीबाई पुढे होत्या (त्यांची ई-बाईक होती असं मी घरी सांगितलं नाही).

टीव्हीवर जे कळत नाही ते सांगतो. वळणांना दगडी पाट्या आहेत आणि आकडे उलटे येतात. खाली ४८, माथ्यावर १. सुरुवातीला बराच वेळ जंगल आणि ओढा, वळणं अगदी मोजकी. ट्राफोई गाव येतं तोवर तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या उंचीला पोचलेले असता आणि अजून बाराशे मीटर चढायचे असतात. पुढे झाडी संपते, फ्रान्झेन्सहोहे नावाच्या जुन्या हॉटेलपाशी दरी उघडते आणि उरलेली सगळी वळणं एकदम समोरच्या कड्यावर दिसतात, दगडी कठड्यांसकट. माथ्यावरच्या इमारतीही दिसतात. तिथून पुढे तासभर त्या तशाच दिसत राहतात, जवळ येत नाहीत. मागून मोटरसायकलींचा आवाज. त्या वळणाच्या आतल्या बाजूला घुसतात आणि आपल्याला नेमका सगळ्यात उभा भाग मिळतो. वर सॉसेजचा धूर.

आता माझं मत: हा घाट शर्यतीत हवाच. दरवर्षी नको. चार-पाच वर्षांतून एकदा.

मागचं चाक:

@चेनरिंग, २०१४ तुमच्या बाजूने मोजू नका. माथ्यावर बर्फ पडत होता. आयोजकांच्या रेडिओवरून सांगितलं गेलं की उताराच्या सुरुवातीला लाल झेंडेवाल्या मोटरसायकली असतील, त्यांच्या मागे राहा. काही संघांनी याचा अर्थ लावला की उतारावर शर्यत थांबवली आहे. गुलाबी जर्सीतल्या उरानसारखे लोक जाकीट चढवून सावकाश निघाले. किंताना, हेसेडाल, रोलां वगैरे पुढे गेले. मग आयोजक म्हणाले, असं काही आम्ही म्हटलंच नव्हतं. सकाळी २ मिनिट ४० सेकंद मागे असलेला किंताना संध्याकाळी उरानच्या १ मिनिट ४१ सेकंद पुढे, गुलाबी जर्सीत. ही शर्यत झाली का?

चेनरिंग:

झाली. खाली उतरल्यावर व्हाल मार्तेल्लोचा २२ किलोमीटरचा चढ होता. उरान काय तिथेही झेंड्यामागे होता? रोलां आणि हेसेडालही उतारावर पुढेच होते, त्यातला रोलां किंतानाच्या मागे मिनिटभराने आला. गोंधळ संदेश पाठवणाऱ्यांचा आहे. घाटाने काय केलं?

घाटमाथा:

दोघांनाही बाजूला ठेवून वेगळीच तक्रार करतो. स्टेल्व्हिओ हा शर्यतीसाठी तितका चांगला चढ आहे का, हेच मला पटलेलं नाही.

दोनेगानीने तो तोफा आणि टपालगाड्या चढतील अशा बेताने आखला. म्हणून चढ एकसारखा, सात-आठ टक्क्यांचा, दमवणारा पण समजूतदार. अशा चढावर व्यावसायिक लोक ताशी वीसच्या आसपास जातात आणि त्या वेगाला पुढच्याच्या आडोशाचा फायदा मिळतो. म्हणजे तगडा संघसहकारी असेल तर नेता मागे आरामात बसतो. मोर्तिरोलो बघा. मात्सो गावाकडून साडेबारा किलोमीटर, सरासरी साडेदहा टक्के. तिथे आडोसा नाही, गणित नाही, जो तो आपापल्या पायावर.

आणि गेल्या काही वर्षांतला सगळ्यात थरारक दिवस कुठे घडला? २०२५ ला कोल्ले देल्ले फिनेस्त्रेवर. २१७८ मीटर, वरचे आठ किलोमीटर मातीचे. सायमन येट्सने २०१८ मध्ये याच चढावर गुलाबी जर्सी घालवली होती, आणि २०२५ ला शेवटून दुसऱ्या दिवशी तिथेच ती मिळवली. तोवर आघाडीवर असलेले डेल तोरो आणि कारापास एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. उंची स्टेल्व्हिओपेक्षा जवळजवळ सहाशे मीटर कमी. कोणाला काही कमी पडलं?

आकडेमोडे:

सहमत, पण तुमच्याच तर्काने २०२० बघा. त्या वर्षी करोनामुळे जिरो ऑक्टोबरमध्ये झाली. चढ एकसारखा होता म्हणूनच रोहन डेनिस नावाचा माणूस, जो मुळात टाइम ट्रायलचा (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध शर्यत) दोन वेळचा जगज्जेता, डोंगरी सायकलपटू नव्हेच, स्टेल्व्हिओवर पुढे बसून असा ओढत गेला की मागे फक्त टाओ गेगन हार्ट आणि जाय हिंडली उरले. पंधरा दिवस गुलाबी जर्सी सांभाळणारा अल्मेइदा मागे पडला, केल्डरमन मागे पडला. मोर्तिरोलोसारख्या भिंतीवर डेनिसला हे जमलं नसतं. सगळे चढ एकाच जातीचे कशाला हवेत?

त्या दिवसातलं मला आठवतं ते हिंडलीचं जाकीट. माथ्याजवळ वारा इतका की एका हातात हँडल आणि दुसऱ्या हाताने तो बाही शोधतोय, जाकीट फडफडतंय, आणि बाही काही सापडत नाही. तरी खाली लागी दी कान्कानोला टप्पा त्यानेच जिंकला. शेवटच्या दिवशी मिलानच्या टाइम ट्रायलला दोघे अगदी एकाच वेळेवर उभे होते, आणि गेगन हार्टने ३९ सेकंदांनी जिरो मारली.

पंक्चरवाला:

म्हणजे ऑक्टोबरमध्ये नीट झालं. मग जिरोच पुढे ढकला, विषय मिटला.

चेनरिंग:

कुठे ढकलणार? जुलैत फ्रान्सची टूर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पेनची व्हुएल्टा. आणि ऑक्टोबरमध्ये बर्फ पडत नाही असं कोणी सांगितलं? २०२० ला नशीब होतं.

दोन पेडल:

महिलांच्या जिरोचा उल्लेख कोणीच केला नाही, नेहमीप्रमाणे. २०१० मध्ये त्यांचा टप्पा स्टेल्व्हिओच्या माथ्यावर संपला आणि मारा ॲबटने जिंकला. शर्यत जुलैत होती, रस्ता उघडा. 'पुरुषांची शर्यत मेमध्ये असते म्हणून घाट वापरताच येत नाही' हे रडगाणं ऐकलं की मला तेच आठवतं. ज्यांना वापरता आला त्यांचा टप्पा किती लोकांनी पाहिला?

म्युनिककर:

@दोन पेडल, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

बाकी, वर्षातून एक दिवस, उन्हाळा सरताना, हा रस्ता मोटारी बंद करून फक्त सायकलींना देतात. त्या दिवशी इथे व्यावसायिक शर्यत ठेवली तर? एक दिवसाची. प्रातोपासून माथा, बस्स.

मागचं चाक:

ती मी रजा काढून बघेन. पण जिरोचा प्रश्न तसाच राहतो.

२०१६ पासून यूसीआयकडे (सायकलिंगची जागतिक संघटना) खराब हवामानाची नियमावली आहे. बर्फ, गारठा, वारा असेल तर आयोजक, संघ, स्पर्धक आणि डॉक्टर यांनी बसून ठरवायचं. चांगली गोष्ट. पण ती लागू होते टप्प्याच्या तोंडावर. तोवर सगळ्यांनी आपला महिनाभराचा डाव त्या चढाच्या हिशोबाने मांडलेला असतो. हलका डोंगरी गडी पहिल्या टाइम ट्रायलमध्ये दोन मिनिटं गमावतो, कारण त्याला वाटतं की स्टेल्व्हिओवर वसूल करू. आणि मग चढच गायब. १९८४ मध्ये मोझरचा प्रतिस्पर्धी फिन्योंचं नेमकं हेच झालं. डोंगर कमी झाले, शेवटी व्हेरोनाची टाइम ट्रायल आली आणि मोझर जिंकला. बर्फ खरा होता की खोटा हा वाद सोडा. घाट छापील मार्गात नसता तर वादच झाला नसता.

घाटमाथा:

+१. निदान एवढं तरी करावं: मार्ग जाहीर करतानाच पर्यायी टप्पा छापावा, तितक्याच चढाचा. आदल्या रात्री हॉटेलात बसून नकाशा काढायचा नाही.

चेनरिंग:

पर्याय छापायला माझी ना नाही. पण 'तितक्याच चढाचा' आणि खालच्या उंचीवरचा घाट त्या भागात आणणार कुठून? गाव्हिया २६१८ मीटर, उंब्राइल २५०० च्या वर. जो बर्फ स्टेल्व्हिओ बंद करतो तोच त्यांनाही बंद करतो, २०१३ आणि २०२४ ला तेच झालं. उरतो तुमचा लाडका मोर्तिरोलो. म्हणजे दर वेळी मोर्तिरोलो. पाच वर्षांनी तुम्हीच धागा काढाल, मोर्तिरोलोचा कंटाळा आला म्हणून.

आणि हिशोब चुकण्याचं म्हणाल तर २०१७ ला स्टेल्व्हिओ व्यवस्थित झाला, कडक ऊन होतं. लांडा माथ्यावर पहिला आला, निबालीने बोर्मिओत त्याला चाकाच्या अंतराने हरवलं. आणि गुलाबी जर्सीतला डुमोलिन उंब्राइलच्या पायथ्याशी पोट बिघडल्याने कपडे काढून खड्ड्यात बसला! दोन मिनिटं गेली. त्यालाही नियमावली लावायची का?

मागचं चाक:

डुमोलिनने तरीही जिरो जिंकली, कारण शेवटच्या दिवशी मिलानची टाइम ट्रायल होती आणि ती रद्द होणार नव्हती हे त्याला माहीत होतं. मी एवढंच मागतोय.

पंक्चरवाला:

खड्ड्याचा फोटो मात्र कोणीतरी टाका.