कोफॅक्स आत आणि टॉमी जॉन बाहेर?

डावखुरा: काल एका महाभागाने लिहिलं, "बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) सँडी कोफॅक्स तिशीत पळाला. १६५ विजयांवर हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या महान खेळाडूंचा सन्मान), आणि २८८ विजयवाला पिचर टॉमी जॉन बाहेर. शुद्ध लाडोबा." वाचून डोकं फिरलं. १९६६ चं त्याचं शेवटचं वर्ष बघा की जरा: २७ विजय, ३२३ इनिंग, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा) १.७३. तेही संधिवाताने धरलेल्या कोपरावर! सामन्याआधी हाताला मिरचीच्या अर्काचं मलम, पोटात घोड्यांना देतात ते ब्यूटाझोलिडीन आणि सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात. याला पळणं म्हणतात होय?

खडूस_काका: महाभाग हजर आहे. १९५५ ते ६० का गिळलंत? ३६ विजय, ४० पराभव. मग त्याच्या टीमला पिचरच्या सोयीचं डॉजर स्टेडियम मिळालं, ६३ ला स्ट्राइक झोन (चेंडू वैध धरायचा पट्टा) वाढवला आणि साहेब महान झाले. १५ इंचांचा माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १९६९ ला १० वर आणला तो उगाच? जॉन २६ मोसम खेळला.

डावखुरा: माउंड एकट्या कोफॅक्सला उंच होता का? बाकीचे पिचर काय खड्ड्यातून टाकत होते?

एडिसनची_आई: तुमचं चालू द्या. आमचा चिरंजीव शनिवारी एका टीमकडून टाकतो, रविवारी दुसऱ्या. कोपर दुखतंय म्हणाला तर कोच हसून म्हणतो, "टॉमी जॉन ऑपरेशन करून घे, वेग वाढेल." बारा वर्षांच्या पोराला!

हाडवैद्य: कोचला माझ्याकडे पाठवा. १९७४ मध्ये सर्जन फ्रँक जोबने जॉनच्या उजव्या हातातला टेंडन काढला आणि डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यातून ओवला. परत खेळण्याची शक्यता सांगितली होती शंभरात एक. ७५ चा अख्खा मोसम गेला. त्यानंतर १६४ विजय मिळवले हे खरं, पण काहीजण पूर्वीसारखे परत येतच नाहीत. वेग वाढलाच तर तो वर्षभराच्या व्यायामाने, ऑपरेशनने नाही.

गल्लीक्रिकेट: हल्लीची पोरंच नाजूक. आम्ही शिवाजी पार्कात दिवसभर बोलिंग टाकायचो, काही झालं नाही. आता बघावं तेव्हा वर्कलोड! कपिल दुखापतीमुळे एकही कसोटी चुकला नाही.

हाडवैद्य: कपिल एकच झाला. जे मोडून घरी बसले त्यांची नावं तुम्हाला कुठून माहीत असणार?

गल्लीक्रिकेट: डॉक्टर, तुमचं दुकान चालायला हवं ना!

एडिसनची_आई: दादा, माझा नवरा अगदी हेच बोलतो, आणि रात्री पोराला शेक मी देते. लिटल लीगमध्ये (मुलांचं बेसबॉल) ११-१२ वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. ६६ टाकले की चार दिवस विश्रांती. पण टीम दोन असल्या की मोजतो कोण?

खडूस_काका: वहिनी, एक टीम आजच बंद करा. बाकी डावखुरेसाहेब, १९६५ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम मालिकेची, सातवी मॅच मी दिली तुम्हाला. दोनच दिवसांच्या विश्रांतीवर कोफॅक्सने मिनेसोटाच्या टीमला शून्यावर ठेवलं. उभारा पुतळा.

डावखुरा: २०२२ लाच उभारलाय. डॉजर स्टेडियमला.

खडूस_काका: वाटलंच. आणि जॉनच्या वाट्याला काय, तर ऑपरेशन.

एडिसनची_आई: पुतळे राहू द्या. सेंट्रल न्यू जर्सीत चेंडू मोजणारा कोच कुणाला माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.