गाडी गरम असली की सेल्फ घेत नाही, नुसता "टक" आवाज येतो, मदत हवी आहे - सातारा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही, त्यामुळं शेवटपर्यंत वाचा प्लीज.

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख १२ हजार किमी झालेत, गॅस किट वगैरे काही नाही. आम्ही कोरेगावला राहतो आणि माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी साताऱ्यात डायलिसिस असतं. मिस्टर पुण्याला नोकरीला, त्यामुळं न्यायचं आणायचं माझ्याकडंच आहे. म्हणजे ही गाडी आमची हौसेची नाही, ती बंद पडली तर आबांचं डायलिसिस चुकतं.

होतं काय, की सकाळी गाडी एका किल्लीत चालू होते, कधीच त्रास नाही. पण फेब्रुवारीपासून अधूनमधून असं व्हायला लागलंय की चालवून आणल्यावर कुठं दहा मिनिटं थांबले आणि परत किल्ली फिरवली की बोनेटखालून एकच "टक". इंजिन फिरतच नाही. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हेडलाइट लख्ख, हॉर्न मोठा. पाच सहा वेळा किल्ली फिरवली की एखाद्या वेळी घेते, नाही तर अर्धा तास थांबायचं, मग काही झालंच नाही अशी चालू होते.

परवाच्या शुक्रवारी तर हद्द झाली. डायलिसिस संपवून निघालो, पोवई नाक्याजवळ मेडिकलमधून गोळ्या घ्यायला थांबले, येऊन किल्ली फिरवली तर टक. मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. चार तासाच्या डायलिसिसनंतर आबांच्या अंगात उभं राहायचं सुद्धा त्राण नसतं, पण मी ढकलायला उतरले म्हणल्यावर ते पण दार उघडून उतरले आणि फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात तो हातच गाडीला लावायला लागले. मी ओरडलेच त्यांच्यावर, नको ओरडायला होतं. शेवटी रिक्षावाल्या दादांनी आणि दोन कॉलेजच्या पोरांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला आणि झाली चालू. तेव्हापासून रात्रीची झोप नाही खरं सांगते.

आत्तापर्यंत केलेलं: नवीन बॅटरी टाकली, ४८०० रुपये (जुनी चार वर्षांची होतीच). आठ दिवसांत परत तेच. मग एका गॅरेजला सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) उतरवून त्यातले कार्बन आणि बुश बदलले, १९०० रुपये. परत तेच. आता ते म्हणतायत अख्खा सेल्फच नवीन टाका, दुसरे एक जण म्हणतात इग्निशन स्विच गेलाय, तिसरे म्हणतात किल्लीतल्या चिपचा प्रॉब्लेम आहे. गाडी गॅरेजला नेली की तिथं गेल्यावर शहाण्यासारखी चालू होते, त्यामुळं त्यांनी बघितलेलंच नाही, नुसता अंदाज. आणि मी विचारलं की उत्तर माझ्याऐवजी सोबत आलेल्या भावाला देतात, त्याला तर गाडी चालवता पण येत नाही.

मी आबांच्या फाइलच्या मागच्या पानावर प्रत्येक वेळेची नोंद ठेवलीय. आत्तापर्यंत ९ वेळा झालं. नऊच्या नऊ वेळा गाडी वीस मिनिटांच्या वर चाललेली होती आणि बंद करून पाच ते वीस मिनिटं झाली होती. डायलिसिसचे चार तास उभी राहिली की एकदाही नाही. यावरून कुणाला काही कळतंय का? मला पैसे घालायचे नाहीत असं नाही, पण आधी कळू दे काय बिघडलंय, मग घालते.

अपडेट १

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. ज्यांनी व्हेपर लॉक, फ्युएल पंप, क्रँक सेन्सर लिहिलंय त्यांना सांगते, त्यात इंजिन घर्रर्र फिरतं पण पेटत नाही, माझं फिरतच नाही, नुसता टक. चिपचं पण तसंच, डॅशबोर्डवरची किल्लीची खूण नेहमीसारखी लागून विझते आणि धक्का मारला की गाडी लगेच चालू होते, चिपने अडवलं असतं तर धक्क्याने पण झाली नसती ना.

ज्या काकांनी लिहिलं की "ताई, मल्टिमीटर घ्या आणि बिघाड असताना मोजा, चालू असताना मोजून काही उपयोग नाही", त्यांचं ऐकलं. ३५० रुपयांचा मीटर आणला. थंड गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.८, इंजिन चालू असताना १४.२. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही चांगलं.

मग शनिवारी भर दुपारी भाच्याला घेऊन मुद्दाम यवतेश्वरचा घाट चढून आले, खाली येऊन सावलीत लावली, बंद केली, दहा मिनिटं थांबलो. पहिल्यांदा चालू झाली. परत बंद, परत दहा मिनिटं. तिसऱ्यांदा टक! आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालू न झाल्याचा आनंद झाला. न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, भाचा किल्लीवर आणि मी बोनेटपाशी. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावला, त्याने किल्ली फिरवली, आकडा १२.४ वरून हललाच नाही म्हणलं तरी चालेल. म्हणजे सेल्फला करंट जातच नाहीये, बॅटरीत आहे पण पोचत नाहीये.

मग काकांनी सांगितलेली दुसरी टेस्ट. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला आणि लाल वायर इंजिनच्या उघड्या लोखंडाला. दोन्ही अर्थिंगच (करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट), त्यामुळं किल्ली फिरवली तरी इथं जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या आत. माझ्याकडं किल्ली फिरवली की आकडा सात-आठपर्यंत उडी मारून परत खाली. तीन वेळा बघितलं, तीनही वेळा तेच. मग जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या उचलायच्या हुकाला लावलं, भाच्याला म्हणलं फिरव. अर्ध्या किल्लीत चालू झाली. केबल काढली, बंद केली, परत टक.

अपडेट २

सोमवारी हा सगळा कागद घेऊन एका वायरमनकडं गेले, त्यांना म्हणलं सेल्फ बघू नका, आधी इंजिनची अर्थिंग केबल बघा. त्यांनी बॅटरी आणि खालचा ट्रे काढला. गिअरबॉक्सपासून चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) जी जाड केबल येते ती वरून बघायला एकदम चांगली, काळं कव्हर शाबूत. त्यांनी लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) धरून नुसता पिळला तर हातातच फिरायला लागला. कव्हर कापलं तर आत हिरवी भुकटी, आणि तिच्यात केसासारख्या सहा-सात तारा तेवढ्या धरून राहिलेल्या. बाकी सगळ्या खाल्लेल्या. जुनी बॅटरी वरच बसायची, तिचं ॲसिड झिरपून गेलं असणार असं ते म्हणाले. थंड असताना तेवढ्यावर कसंबसं भागत होतं, इंजिनची धग लागली की तो सैल लग अजून सैल. दिवे आणि हॉर्नची अर्थिंग बॉडीला असते, इंजिनला नाही, म्हणून ते लख्ख चालायचे, आणि त्यामुळंच सगळे फसले.

नवीन जाड केबल, दोन्ही बाजूला नवीन लग दाबून, चेसीच्या पॉइंटवरचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळून वर व्हॅसलीन. एकूण ४५० रुपये. लगेच तिथंच मीटर लावला, सेल्फ मारताना ०.२.

ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी सेल्फ उतरवायच्या आधी ही जंपर केबलची टेस्ट करा, पाच मिनिटं लागतात, फक्त केबल पट्ट्याच्या आणि फॅनच्या आसपास लोंबू देऊ नका. आणि एक शंका राहिलीय, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जी छोटी केबल जाते तिच्या लगवर पण थोडं हिरवं दिसतंय, मोजल्यावर बरोबर येतंय, तरी आत्ताच बदलून टाकू का? कुणी केली असेल तर सांगा.

आता दोन आठवडे झाले, चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीत येताना मुद्दाम कुठंतरी थांबून गाडी बंद केली, एकदाही टक नाही. आज परत पोवई नाक्यावर त्याच मेडिकलपाशी थांबले. गोळ्या घेऊन येऊन बसले, किल्लीला हात लावला तर मागून आबा म्हणाले, "उतरू का गं?" म्हणलं बसा आबा, आणि किल्ली फिरवली.